दुसरा वेडा

टपालाची तिकिटे जमवणाऱ्याला आपला समाज संग्राहक म्हणतो, जुनी नाणी जमवणाऱ्याला संशोधक म्हणतो, आणि खेळण्यातल्या आगगाड्या जमवणाऱ्याला काहीही न म्हणता त्याच्या बायकोकडे सहानुभूतीने पाहतो. हा पंक्तिप्रपंच मला अजून उलगडलेला नाही. वहीत चिकटवलेले तिकीट कुणाचे पत्र पोचवत नाही आणि शिवराईवर आज कोणी वाणी गूळ देत नाही. माझे इंजिन मात्र रुळावर ठेवले की धावते. तरीही घरी आलेले पाहुणे काचेच्या कपाटासमोर थबकतात आणि, "नातवंडांसाठी वाटतं?" असे कौतुकाने विचारतात. "नाही, माझ्यासाठी," असे मी सांगितले की ते चहाचा कप तोंडाला लावतात आणि विषय हवापाण्याकडे वळतो.

या गाड्या म्हणजे जत्रेतल्या पत्र्याच्या गाड्या नव्हेत. खऱ्या इंजिनाची मापे घेऊन त्यांच्या बरोबर सत्त्याऐंशीव्या हिश्शाने केलेली ती प्रतिकृती असते. दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. एवढ्या जागेत चाके, दांडे, दिवे, मोटर आणि पायऱ्यांचे कठडेसुद्धा बसवायचे, हे काम सोनाराच्या जातीचे आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली मेकॅनोचे पेटंट घेतले आणि १९२० साली आगगाड्या काढल्या. जर्मनीतल्या गोपिंगेन गावचे मेर्क्लिन हे घराणे त्याहून जुने, १८५९ सालचे. या घराण्याने सुरुवात केली ती बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांपासून, म्हणजे आपल्या भाषेत भातुकलीपासून! १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी ठराविक मापांच्या रुळांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या. भातुकली मागे राहिली आणि गाडी जी सुटली ती अजून धावते आहे.

माझे बालपण कर्जतला गेले. वडील रेल्वेत फिटर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. विजेवर चालणारी खेळण्यातली गाडी मी एकदा मुंबईच्या एका दुकानाच्या काचेआड पाहिली होती. घरी माझी गाडी रिकाम्या काड्यापेट्या दोऱ्यात ओवून केलेली असे. पण त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, कारण स्टेशनावर माझ्या मालकीचा एक खरा खेकडा होता.

कर्जतकरांना खेकडा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. कर्जत ते लोणावळा हा बोरघाटाचा चढ, दर ३७ फुटांना एक फूट. तो चढण्यासाठी जी. आय. पी. रेल्वेने १९२८ पासून विजेवर चालणारी ४१ इंजिने आणली. काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात बांधलेली, बाकीची इंग्लंडमधली. मध्ये चालकाची खोली आणि पुढे-मागे दोन लांबलचक नाके. चाकांना जोडलेले जाड दांडे चालताना असे हेलकावत की हे धूड तिरपे तिरपे चालले आहे असा भास व्हावा. उभे असतानाही ते स्वस्थ नसे, पोटातून कण्हत असे. मी एकदा अण्णांना विचारले, "हे रडतं का हो?" ते म्हणाले, "पोटात दुखतं त्याच्या. पण घाट चढायचं सोडत नाही." अण्णांना स्वतःलाही पोटाचे दुखणे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

पुढे अण्णा गेले आणि खेकडेही एकेक करून भंगारात निघाले. त्यांतला एक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात जतन करून ठेवला आहे. मुंबईला गेलो की मी त्याला भेटून येतो. तो आता कण्हत नाही.

शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी पुण्यात स्थायिक झालो. कोथरूडला जोश्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि घडवलेल्या गाड्यांचे अख्खे गाव तिथे १९९८ पासून पाहायला मिळते. तिथे उभा असताना मला कळले की मोठ्या माणसांनी हा खेळ खेळला तरी चालतो. मग मी पुस्तके चाळू लागलो आणि एका पानावर दचकलो. आमच्या खेकड्याचा थोरला भाऊ तिथे उभा होता! स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड घाटासाठी १९१९ पासून बांधलेले, तसेच दोन नाकांचे इंजिन. तिकडचे लोक त्याला 'मगर' म्हणतात. आणि मेर्क्लिनने दुसऱ्या महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत या मगरीची हिरवी प्रतिकृती छोट्या मापात काढली होती. कर्जतचा खेकडा कोणी खेळण्यात केलेला मला आढळला नाही. पण सख्खा नाही तर चुलत, नाते ते नातेच. मी शिकवण्या घेत होतो. त्यांतल्या दोन मुलांची फी वेगळ्या खात्यात टाकू लागलो. पेन्शनला हात लावायचा नाही, असे सौ.ला वचन दिले आणि मगरीच्या शोधाला लागलो.

अशा जुन्या वस्तू दुकानात मिळत नाहीत, लिलावात मिळतात. आणि आता लिलाव संगणकावर होतात. पिएर ओमिद्यार नावाच्या गृहस्थाने १९९५ साली अमेरिकेत ही पेठ सुरू केली. तीच पुढे ईबे या नावाने प्रसिद्ध झाली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर दिवा, किंमत १४ डॉलर ८३ सेंट. मोडक्या वस्तूला गिऱ्हाईक मिळाले तेव्हाच या पेठेचे भवितव्य ठरले असावे. तिची भारतातली शाखा २०१८ साली बंद झाली, पण जर्मनीच्या लिलावात पुण्यातून बोली लावता येते.

लिलाव आपल्याला नवा नाही. देवळातल्या प्रसादाच्या नारळाचा लिलाव मी पाहिला आहे. पंचवीस रुपयांचा नारळ पाच हजारांना जातो, घेणारा हरखतो आणि हरलेला मनात हिशेब ठेवतो. पण संगणकावरचा लिलाव त्या जातीचा नाही. त्याचे नाते आपल्या बाजारपेठांतल्या जुन्या हत्ता पद्धतीशी आहे. रुमालाखाली हात घालून अडत्या आणि व्यापारी नुसत्या बोटांनी भाव बोलत आणि भोवती उभ्या असलेल्यांना पत्ता लागत नसे. इथेही तसेच. तुम्ही जास्तीत जास्त किती देणार तो आकडा यंत्राच्या कानात सांगायचा. यंत्र तो कुणाला सांगत नाही. दुसरा कोणी बोलला तर तुमच्या वतीने त्याच्यावर एक पायरी चढते आणि थांबते. समजा, तुम्ही ४०० युरो सांगितले आणि दुसरा २५० वर थांबला, तर वस्तू तुम्हाला २५१ ला मिळते. तुमचे ४०० कोणाला कळतही नाहीत.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. वस्तूची किंमत विकणारा ठरवत नाही, घेणाराही ठरवत नाही. ती ठरवतो हरलेला माणूस, म्हणजे आपल्यापेक्षा एकच पायरी कमी वेडा असलेला! विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली अशा लिलावाचे गणित मांडले. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असेल, तर प्रत्येकाने आपल्या मनातला खरा आकडा सांगण्यातच शहाणपण आहे, असे त्यांनी सिद्ध केले. १९९६ साली त्यांना नोबेल जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी ते वारले. गणित बरोबर आहे. पण खरा आकडा सांगायचा तर तो आधी स्वतःला ठाऊक हवा. मगरीसाठी मी किती देईन, हे मला रविवारी सकाळी एक वाटे आणि रात्री दुसरेच.

रविवार अशासाठी, की पुष्कळ जर्मन विक्रेते आपला लिलाव रविवारी संध्याकाळी संपवतात. त्यांचे उन्हाळ्यातले रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेअकरा आणि हिवाळ्यातले आठ म्हणजे साडेबारा. जाणते लोक आपला आकडा शेवटच्या पाच-दहा सेकंदांपर्यंत राखून ठेवतात. त्यामुळे आठवडाभर पेंगत पडलेला लिलाव शेवटच्या अर्ध्या मिनिटात अंगात आल्यासारखा घुमू लागतो.

या पेठेची भाषाही शिकावी लागते. ती स्थळांच्या जाहिरातींच्या भाषेची सख्खी बहीण आहे. तिकडे 'गृहकृत्यदक्ष' म्हटले की शिक्षणाबद्दल विचारायचे नसते आणि इकडे 'तपासून पाहिलेले नाही' म्हटले की इंजिन चालत नाही असे समजायचे असते. 'वयोमानानुसार खुणा' म्हणजे रंग उडालेला. 'हौशी कारागिरांसाठी' म्हणजे अर्धे भाग गायब. 'धूम्रपान न करणाऱ्या घरातले' हे मात्र खरे मानायचे, कारण पुठ्ठ्याला तंबाखूचा वास लागला की जात नाही. आणि पुठ्ठ्याला इथे फार मान. मूळ खोके असेल तर किंमत कितीतरी चढते. एकदा मी सौ.ला म्हणालो, "नुसत्या खोक्याचे चाळीस युरो!" ती म्हणाली, "माझे श्रीखंडाचे डबे तेवढे तुम्हाला अडगळ वाटतात." यावर उत्तर नव्हते.

जर्मन भाषेत एक शब्द आहे, 'नाखलास'. मृताने मागे ठेवलेली चीजवस्तू, असा त्याचा अर्थ. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी शब्दकोश उघडला. पुढे तो इतक्या वेळा भेटला की कोशाची गरज उरली नाही. या पेठेत येणारा माल बहुतेक तिथूनच येतो. एक म्हातारा जातो, मुले घर रिकामे करतात आणि चाळीस वर्षे एका ओळीत उभ्या असलेल्या गाड्या चाळीस पत्त्यांवर निघून जातात.

पण मला सांगायचे आहे ते चांदणेसाहेबांविषयी.

या लिलावात बोली लावणाऱ्याचे नाव उघड नसते. दोन टोकांना दोन अक्षरे आणि मध्ये तीन चांदण्या, एवढेच दिसते. स्विस इंजिनांच्या प्रत्येक लिलावात मला तीच दोन अक्षरे भेटू लागली, म्हणून मी त्यांना चांदणेसाहेब म्हणू लागलो. गृहस्थ शिस्तीचे होते. शेवटच्या सेकंदाला झडप घालणे त्यांच्या स्वभावात नव्हते. रविवारी सकाळी, बहुधा न्याहारी आटोपून, ते आपला आकडा सांगत आणि निघून जात. मी रात्री येऊन त्या आकड्यावर डोके आपटत असे. दोन मालगाडीचे डबे त्यांनी नेले, एक छोटे इंजिन नेले. आमच्या घरात त्यांचे नाव रुळले. सोमवारी सकाळी माझा चेहरा पाहून सौ. विचारी, "काय, चांदण्यांनी नेलं वाटतं?"

२०२२ च्या मार्चमध्ये एक मगर विक्रीला आली. हिरवा रंग शाबूत, एका टोकाचा डावा बफर किंचित वाकलेला. सोबत मूळ खोके, आणि त्याच्या झाकणावर कुणा लहान मुलाने निळ्या पेन्सिलीने काढलेले ख्रिसमसचे झाड. ते झाड पाहिले आणि माझी काड्यापेट्यांची गाडी मला आठवली. खात्यात होते ते सगळे मोजून मी माझा आकडा ठरवला, ४११ युरो. म्हणजे त्या वेळचे चौतीस हजार रुपये. रात्री साडेबाराला शेवटचे दहा सेकंद उरले असताना मी तो यंत्राच्या कानात सांगितला. मगर ४१२ ला गेली. चांदणेसाहेब!

एक युरोने हरलो, असे मी दुसऱ्या दिवशी सर्वांना सांगितले. वस्तुतः ते खरे नव्हे. रुमालाखाली त्यांची बोटे किती होती, ते मला कळणारच नव्हते. ४१२ असतील, हजारही असतील. मला एवढेच ठाऊक होते की एवढ्या मोठ्या पृथ्वीवर ही वस्तू माझ्याइतकी हवी असलेला आणखी एक माणूस आहे, आणि तो कुठे राहतो, कसा दिसतो, घाट त्याने कधी पाहिला, हे मी त्याला विचारू शकत नाही. राग आला होता. पण रागाखाली, कसे सांगू, थोडी सोबतही वाटली होती.

त्यानंतर दीडेक वर्षाने चांदणेसाहेब दिसेनासे झाले. रविवार सकाळी आकडा पडेना. सुरुवातीचे दोन-तीन रविवार मी खुशीत होतो. एक डबा मला फुकटासारखा मिळाला. मग मात्र करमेना. सौ. म्हणाली, "गावाला गेले असतील." मी म्हणालो, "सहा महिने?"

२०२४ च्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी दुपारी संपणारा एक लिलाव मला निव्वळ योगायोगाने दिसला. विक्रेत्याने मगर हा शब्दसुद्धा लिहिला नव्हता. 'जुने हिरवे विजेचे इंजिन, वडिलांच्या नाखलासमधले, चालते की नाही ठाऊक नाही,' एवढेच. फोटो मोठा करून पाहिला. डावा बफर किंचित वाकलेला. झाकणावर निळ्या पेन्सिलीचे झाड.

मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. मग माझा आकडा सांगितला, तोच जुना, ४११. मगर मला २३१ युरोंना मिळाली. चालत्या मगरीच्या शोधात असलेल्यांपैकी कोणाला ती त्या वर्णनात दिसलीच नसावी. कुणा तिसऱ्याच माणसाने सहज म्हणून २३० लावले होते. दोन वर्षांत तिचा एक स्क्रूही ढिला झाला नव्हता, तरी किंमत १८१ युरोंनी उतरली होती. उतरली ती फक्त एका कारणाने. जगातला एक वेडा कमी झाला होता.

पैसे चुकते केल्यावर मी विक्रेत्याला चार ओळी लिहिल्या. कर्जतचा घाट, अण्णा, खेकडा आणि ती मार्चमधली रात्र. उत्तर त्यांच्या मुलीचे आले. छोटेसेच होते. वडिलांनी इंजिन घेतले त्या रात्री, त्यांच्या नेहमीच्या रिवाजाविरुद्ध, ते लिलाव संपेपर्यंत जागे बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला सर्वांना सांगत होते की कुणीतरी अगदी शेवटपर्यंत हटत नव्हता. तो भारतात होता हे त्यांना कळले असते तर फार मौज वाटली असती, असे तिने शेवटी लिहिले होते.

मगर टपालाने मागवली नाही. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर गेले, हे एक कारण. दुसरे म्हणजे ती पोत्यात फेकली जाऊ नये असे वाटले. माझी पुतणी स्टुटगार्टला नोकरी करते. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची जोडशहरे आणि गोपिंगेन तिथून जवळच. पार्सल तिच्याकडे गेले. दिवाळीला आली तेव्हा प्रवाशाला मुभा असते त्या मर्यादेत, आपल्या स्वेटरात गुंडाळून तिने ती आणली. "काका, विमानतळावर विचारलं, हे काय? मी म्हटलं, खेकडा." मेर्क्लिनची गाडी आमच्या हॉर्नबीच्या दोन रुळांवर चालत नाही. तिला मध्ये तिसरा संपर्क लागतो. पोटाखालची पट्टी रुळांमधल्या बारीक खिळ्यांवरून घसरत वीज घेते. तसे रूळ मी आधीच जमवून ठेवले होते. सौ.ने इंजिनाला हळदकुंकू लावले. मी चावी फिरवली. मगरीने एक आचका दिला, दांडे हलले, आणि पोटातून एक बारीक कण्हणे ऐकू आले.

"दुखतंय त्याच्या पोटात," मी म्हणालो.

"चांदण्यांना ऐकायला मिळालं असेल ना हो?" सौ.ने विचारले.

अलीकडे ती दुसराही एक प्रश्न विचारते. "तुमच्यामागे हे सगळं कोणी बघायचं?" प्रश्न रागाचा नाही, काळजीचा आहे. मुलगा बंगळूरला असतो. त्याला गाड्यांत रस नाही आणि असावा असा माझा हट्टही नाही. अण्णांना माझ्या कवितांत रस नव्हता. आपले वेड मुलाच्या गळ्यात बांधणे हा वारसा नव्हे. म्हणून मी सध्या रोज दुपारी एक खोके उघडतो आणि त्यात एक चिठ्ठी घालतो. इंजिनाचे नाव, साल, कितीला घेतले, काय दुरुस्त केले, कोणता भाग मूळचा नाही. मगरीच्या खोक्यात चिठ्ठी जरा लांब आहे. तिच्यात आधीच्या मालकाचाही उल्लेख आहे. निळे झाड पुसू नये, असे लिहिले आहे.

आणि सगळ्या चिठ्ठ्यांच्या शेवटी मुलासाठी एकच सूचना आहे. विकायचे झाले तर खुशाल विक. पण वस्तूचे खरे नाव लिही, आणि मंगळवारी दुपारी नको, रविवारी रात्री लिलाव संपेल असे कर. फार गर्दी लागत नाही. दोन वेडे जागे असले म्हणजे पुरे.